सैनिकाच्या गावातल्या घरासाठी : राज्यस्तरीय बँकर्स समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
राज्यस्तरीय बँकर्स समिती, महाराष्ट्र राज्य

विषय : गावठाणात किंवा गावालगत घर बांधू इच्छिणाऱ्या माजी सैनिकांच्या गृहकर्जाबाबत

महोदय आणि महोदया,

1981 साली, वयाच्या 19 व्या वर्षी, मी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो. बेळगावच्या केंद्रात प्रशिक्षण, त्यानंतर 17 वर्षांची नोकरी आणि 1998 साली हवालदार म्हणून निवृत्ती, अशी माझी पहिली नोकरी झाली. दोन वर्षांनी माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या जागेवर एका बँकेत लिपिक म्हणून रुजू झालो आणि 2022 साली तिथूनही निवृत्त झालो. त्यातली शेवटची 11 वर्षे मी सातारा जिल्ह्यातल्या ग्रामीण शाखांत कर्जाच्या टेबलावर काढली. त्यामुळे या विषयात मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस आहे आणि पुढे जी तक्रार मांडणार आहे, तिच्यात माझाही वाटा आहे.

वाटा असा की, गावात घर बांधायला निघालेल्या माजी सैनिकांची कितीतरी प्रकरणे मी स्वतःच्या हाताने परत केली. ‘टायटल स्पष्ट नाही’, ‘मंजूर नकाशा जोडलेला नाही’, ‘तारण बँकेच्या निकषांत बसत नाही’ अशी तीन-चार ठरलेली वाक्ये होती आणि ती लिहिताना हात अडखळत नसे. ऐपत नाही म्हणून परत गेलेले प्रकरण मात्र आठवून आठवूनही सापडत नाही. महिनाअखेरीस ज्याच्या खात्यात भारत सरकारकडून न चुकता रक्कम जमा होते, ज्याला व्यसन असले तर चहाचे, आणि ज्याला हप्ता थकला म्हणून गावात नाव निघाले तर लाज वाटते, असा कर्जदार कोणत्याही शाखेला हवासा वाटावा. पण तो कर्जदार शहरात सदनिका घेत असला तरच हवासा वाटतो. गावी घर बांधतो म्हणाला की तोच माणूस जोखमीचा ठरतो.

एक प्रकरण सांगतो. 39 वर्षांचा निवृत्त नायक. आजोबांच्या नावावर गावठाणात जुने मातीचे घर, त्याची एक भिंत पावसात बसलेली. चार चुलत्यांत तोंडी वाटणी होऊन पस्तीस वर्षे उलटलेली आणि तिच्याबद्दल कोणाची कुरकूर नाही. त्याला चार खोल्यांचे पक्के घर बांधायचे होते आणि त्यासाठी 15 लाख रुपये हवे होते. पेन्शन बुक होते, सिबिल स्वच्छ होते, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराच्या कामावर होती. मी त्याच्याकडे सात-बारा मागितला. गावठाणाला सात-बारा नसतो, हे त्याने मला नम्रपणे सांगितले आणि ते मलाही माहीत होते. मग मिळकत पत्रिका, म्हणजे घराच्या जागेचे प्रॉपर्टी कार्ड, मागितली. त्या गावची मोजणी तेव्हा झालेली नव्हती. मग मंजूर नकाशा मागितला. ग्रामसेवक म्हणाला, एवढ्या घराला लागत नाही. शेवटी बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने 30 वर्षांच्या सर्च रिपोर्टमध्ये ‘नोंदणीकृत दस्त आढळत नाही’ असे लिहिले आणि प्रकरण बंद झाले. त्या माणसाने पुढे पेन्शनवर वैयक्तिक कर्ज काढले, सोसायटीतून थोडे उचलले, बायकोचे दागिने ठेवले आणि स्लॅबपर्यंत घर आणले. स्लॅबच्या वर कॉलमच्या सळया अजून तशाच उभ्या आहेत, गंजलेल्या.

आपल्यापैकी कोणी सातारा, कोल्हापूर, सांगली या भागांतून प्रवास केला तर अशा सळया रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसतील. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीने तर ‘सैनिक’ हा शब्दच आपल्या नावात घेतला आहे. अशा गावांत पिढ्यानपिढ्या पैसा येतो तो मनिऑर्डरने, आता खात्यावर, आणि त्या पैशाचे पहिले रूप घर हेच असते. सैनिक पुण्यात सदनिका घेत नाही असे नाही. लष्कराच्या स्वतःच्या गृहनिर्माण संस्थाही आहेत, पण त्यांच्या वसाहती शहरांत उभ्या राहतात. ज्याचे आईवडील, शेत, म्हैस आणि भावकी गावात आहे, त्याला घर गावातच हवे असते.

आता बँकेच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू खोटी नाही. निवृत्तिवेतन अधिनियम, 1871 च्या कलम 11 नुसार पेन्शनवर न्यायालयामार्फत जप्ती आणता येत नाही. म्हणजे सर्वांत भक्कम दिसणारे उत्पन्नच वसुलीच्या वेळी हाती लागत नाही. उरते ती मिळकत. न्यायालयात न जाता तारण विकून वसुली करण्याची मुभा बँकेला 2002 च्या सरफेसी कायद्याने मिळते, पण ती शेतजमीन असेल तर त्याचे कलम 31 तिला त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवते, म्हणून बँक अकृषिक आदेश (एनए ऑर्डर) मागते. ती गावठाणात असेल तर हक्काचा पुरावा काय, हा प्रश्न उभा राहतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा करआकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढेच तो सांगतो, मालक कोण हे सांगत नाही. (तलाठ्याकडचा 8-अ, म्हणजे शेतजमिनीच्या खात्याचा उतारा, आणि ग्रामपंचायतीचा 8 यांतला फरक न कळल्याने फिरत राहिलेली प्रकरणेही मी पाहिली आहेत. दोन्ही कागद आकड्याने जुळे, कामाने वेगळे.) शाखाधिकाऱ्याला तीन वर्षांनी बदली घ्यायची असते. अशा तारणावर सही करून पुढे लेखापरीक्षणात उत्तर देत बसण्यापेक्षा प्रकरण परत करणे त्याला सोपे जाते आणि त्याला दोष देणे मला जमत नाही.

परंतु या अडचणींचा बराचसा भाग गेल्या काही वर्षांत सरकारने कायद्याने आणि मोजणीने दूर केला आहे, आणि आपल्या बँकांच्या कागदपत्रांच्या याद्या त्यापूर्वीच्याच राहिल्या आहेत. माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे.

गावठाणाचेच घ्या. शेतसाऱ्याच्या दृष्टीने गावठाणाला किंमत नव्हती, म्हणून इंग्रजांच्या काळापासून शेताचा बांधन्‌बांध मोजला गेला आणि माणूस राहतो ती जागा बहुतेक गावांत मोजायची राहिली. ही चूक दुरुस्त करण्याचे काम महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनच्या मोजणीने सुरू झाले. त्यानंतर 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची स्वामित्व योजना आली, आणि भूमी अभिलेख विभाग, ग्रामविकास विभाग व भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी मिळून गावोगाव मिळकत पत्रिका तयार करायला घेतल्या. ही पत्रिका चौकशी अधिकाऱ्याने हरकती ऐकून तयार केलेली असते आणि तिच्यावर क्षेत्र, हद्दी, धारकाचे नाव असते. गावठाणातल्या घराला कर्ज मिळावे, हा या योजनेचा एक जाहीर हेतू आहे. तरीही एक बँक मिळकत पत्रिका पुरेशी मानते, दुसरी तिच्या जोडीला जुने नोंदणीकृत खरेदीखत मागते, आणि तिसरीच्या विधी विभागाला ती कोणत्या रकान्यात लिहायची हे ठाऊक नसते. एकाच गल्लीतल्या दोन माजी सैनिकांना दोन बँकांकडून दोन उत्तरे मिळतात. वडिलोपार्जित घराचे नोंदणीकृत खरेदीखत कुठून येणार? घर विकत घेतलेलेच नाही. त्यात जन्म झाला आहे.

नकाशाची गोष्ट याहून विलक्षण आहे. राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाल्यानंतर, 2021 साली ग्रामविकास विभागाने स्पष्ट केले की ग्रामीण भागात सुमारे 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या घराला परवानगीची गरज नाही. मालकीचा कागद, आराखडा, नियमावलीप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि विकास शुल्क ग्रामपंचायतीकडे दिले की झाले. 3,200 चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतच बांधकाम प्रमाणपत्र देते, नगररचनाकाराकडे जावे लागत नाही. नियम गावकऱ्याच्या सोयीसाठी केला आणि कर्जाच्या टेबलावर तोच त्याच्या मुळावर आला. बँकेच्या यादीत ‘सक्षम प्राधिकाऱ्याने मंजूर केलेला नकाशा’ असे छापलेले आहे आणि सक्षम प्राधिकारी म्हणतो की मंजुरी लागतच नाही, तेव्हा देणार काय? मी स्वतः काही जणांना विनाकारण तालुक्याला पाठवले आणि ते तिथून ‘गरज नाही’ एवढे ऐकून, काहीही लेखी न घेता, परत आले.

गावठाणाबाहेर पण गावाला लागून ज्याची जमीन आहे, त्याच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 42-ड आले आहे. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी रूपांतरण कर भरून अकृषिक मानली जाते आणि कलम 44 ची जुनी लांबलचक परवानगी लागत नाही. तहसीलदाराची सनद हाच तिथे पुरावा. शाखांत अजूनही ‘एनए ऑर्डर’ हाच शब्द चालतो आणि सनद हातात घेऊन आलेल्याला ‘ऑर्डर कुठे आहे?’ असे विचारले जाते.

एका गटाबद्दल थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. ज्याच्याकडे वडिलोपार्जित वर्ग 1 ची, म्हणजे विकायला मोकळी, जमीन आहे, तो आज ना उद्या मार्ग काढतो. ज्याच्या घराण्याला वतनाची, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात मिळालेली, जमीन होती, ती 1958 च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणाऱ्या कायद्यानंतर नवीन शर्तीने परत मिळाली, किंवा ज्याला माजी सैनिक म्हणूनच सरकारने जमीन दिली, त्याच्या सात-बाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असे लिहिलेले असते, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. ते दोन शब्द पाहिले की फाईल मिटते. म्हणजे सरकारने सैनिक म्हणून दिलेल्या जमिनीवर सैनिक म्हणून घर बांधायला कर्ज मिळत नाही. सरकारने दिलेल्या जमिनी वर्ग 1 मध्ये आणण्याचे नियम 2019 मध्ये झाले आहेत, पण त्यासाठी सरकारकडे अधिमूल्याची रक्कम भरावी लागते आणि ती भरायला पैसे असते तर माणूस बँकेत कशाला आला असता? महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या माझ्या एका मित्राने हा प्रश्न मला माझ्याच टेबलासमोर बसून विचारला होता. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते.

याच कारणासाठी अमेरिकेतला एक दाखला देतो. तिथे 1944 साली, दुसरे महायुद्ध संपायच्या आधीच, परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा झाला आणि त्यात घरकर्जाची हमी आली. सरकार स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बँक देते आणि कर्जाच्या काही भागाची, मोठ्या कर्जांत साधारणपणे एक चतुर्थांश भागाची, हमी माजी सैनिकांचा विभाग घेतो. त्या हमीच्या बळावर बँक पदरचे पैसे भरायला न लावता कर्ज देते. कर्जदार एकदाच थोडे शुल्क भरतो, सेवेत अपंगत्व आल्याबद्दल भरपाई मिळणाऱ्यांना ते माफ असते, आणि सैनिकाच्या हयात पत्नीलाही ठरावीक परिस्थितीत हा हक्क मिळतो. आठ दशके ही व्यवस्था चालू आहे. पण तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिसिसिपीसारख्या शेतीप्रधान राज्यात 1947 साली या हमीखाली दिलेल्या घर, व्यवसाय आणि शेतीच्या 3,229 कर्जांपैकी फक्त 2 कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. निर्णय स्थानिक बँकेच्या हाती होता आणि ज्याच्याकडे जमीन नाही, ओळख नाही, त्याला ‘नाही’ म्हणायला कारण शोधावे लागत नव्हते. आपल्याकडे शाखाशाखांच्या मर्जीवर सोडलेली यादी कोणाला बाहेर ठेवते, हे पाहायला तेवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही.

हमीची कल्पना आपल्याकडे नवी नाही. अल्प उत्पन्न गटाच्या घरकर्जांसाठी पतजोखीम हमी निधी 2012 पासून आहे आणि शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात त्याचा निधी 1,000 कोटींवरून 3,000 कोटींवर नेण्याचा निर्णय 2024 साली झाला. शहरातल्या कमी उत्पन्नाच्या माणसाकडे कागद अपुरे असतात, हे सरकारला मान्य आहे. मग खेड्यातल्या माजी सैनिकाचे कागद अपुरे आहेत, हे मान्य करून तशीच व्यवस्था राज्य पातळीवर का करू नये? हवी असलेली रक्कम छोटी आहे, कर्जदार मोजके आहेत, आणि त्यांच्यातले बहुतेक पेन्शनर आहेत.

सध्या ज्या सवलती आहेत त्यांचा उपयोग कर्ज मिळाल्यानंतर होतो. केंद्रीय सैनिक बोर्ड युद्धविधवा आणि युद्धात अपंग झालेले सैनिक अशा मर्यादित वर्गाला घरकर्जाच्या व्याजावर अनुदान देते. पण व्याज असायला आधी कर्ज असावे लागते. राज्य शासनाने 2020 साली माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता कर माफ केला. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे, माझीही घरपट्टी माफ झाली. पण अर्ध्या भिंतीची घरपट्टी माफ होऊन त्या नायकाला काय मिळाले, हे मला सांगता येत नाही.

आता पेन्शनच्या हिशेबाबद्दल, कारण इथे आमच्या टेबलाची चूक सर्वांत मोठी आहे. जवान 35 ते 45 या वयात घरी येतो. येताना तो पेन्शनचा 50 टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेऊ शकतो आणि पुष्कळजण तसे करतात. मग त्याच्या हाती येणारी पेन्शन कमी दिसते. टेबलावरचा माणूस तीच आकडेवारी घेतो, तिच्या निम्म्यावर हप्त्याची ऐपत ठरवतो आणि कर्ज 6 लाखांवर आणून ठेवतो. महागाई दिलासा पूर्ण मूळ पेन्शनवर मिळतो, विकलेला भाग वजा करून नाही, आणि 15 वर्षांनी विकलेला भाग पुन्हा चालू होतो, या दोन गोष्टी हिशेबात धरल्याच जात नाहीत. 38 व्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन 53 व्या वर्षी वाढणार हे आज तारखेसह ठाऊक आहे. खासगी कंपनीतल्या तरुणाचा पगार वाढेल या अंदाजावर आपण चढत्या हप्त्याचे कर्ज देतो. सरकारने लेखी दिलेली वाढ मात्र मोजत नाही. शिवाय निवृत्तीनंतर तो सुरक्षा रक्षकाची किंवा वाहनचालकाची नोकरी करत असतो. तिच्यात फॉर्म 16 मिळत नाही म्हणून तेही उत्पन्न शून्य धरले जाते.

बँकेची खरी भीती वेगळी असते आणि ती बोलून दाखवली जात नाही: हा माणूस गेला तर? सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन 30 टक्के असते आणि त्यावर पूर्ण हप्ता निघणार नाही. ही भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय कर्जाशी जोडलेला विमा आणि पत्नीला सुरुवातीपासून सहकर्जदार करणे हा आहे. तरुण वयाच्या निवृत्त जवानाला या विम्याचा हप्ता कमी बसतो. भीती न बोलता ‘टायटल स्पष्ट नाही’ असे लिहिण्यापेक्षा ती बोलून विमा घ्यायला लावणे दोघांच्या हिताचे आहे.

ऐपत चुकीची मोजल्याने काय होते, याचा साधा हिशेब पाहावा. 15 लाखांचे गृहकर्ज 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण 13,500 रुपये बसतो. तेच 15 लाख 12 टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जाने 5 वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता 33,000 च्या वर जातो. एवढा मोठा हप्ता बहुतेक जवानांना झेपत नाही, म्हणून ते कमी रक्कम उचलतात, घर अर्धे राहते आणि उरलेल्यासाठी सावकाराकडे किंवा सोन्याच्या दुकानाकडे वळतात. ज्याला बँकेने जोखीम टाळण्यासाठी नाकारले, त्याची जोखीम बँकेनेच वाढवून ठेवलेली असते, फक्त ती दुसऱ्याच्या वहीत असते.

आपल्या बँकांना या कर्जांत तोटा आहे असेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2025 पासूनच्या निकषांप्रमाणे 10 लाखांहून कमी लोकसंख्येच्या ठिकाणी 35 लाखांपर्यंतचे गृहकर्ज, घराची किंमत 44 लाखांच्या आत असल्यास, अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे ज्यात बँकांना ठरावीक प्रमाणात कर्ज द्यावेच लागते त्यात, मोजले जाते. गावातल्या माजी सैनिकाचे घर या मर्यादेत सहज बसते. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या गृहकर्जाच्या मर्यादाही 2022 साली वाढवल्या गेल्या. गावाचे खाचखळगे या बँकांना सर्वांत चांगले ठाऊक आहेत, म्हणून त्यांना या कामात पुढे करावे असे मला वाटते. त्यांचे इतर दोष मला ठाऊक नाहीत असे नाही, पण कोणत्या घराण्याची वाटणी खरी आणि कोणाची भांडणातली, हे तालुक्याच्या बँकेला पॅनेलवरच्या वकिलाआधी कळते.

तेव्हा समितीला माझी विनंती अशी आहे. पुढच्या तिमाही बैठकीत हा विषय स्वतंत्रपणे घ्यावा आणि राज्यातल्या सर्व बँकांसाठी ग्रामीण घरांच्या कागदपत्रांची एकच यादी ठरवावी. त्या यादीत मिळकत पत्रिका हा गावठाणातल्या हक्काचा पुरेसा पुरावा मानावा, आणि जिथे मोजणी झालेली नाही तिथे नमुना 8, सर्व हिस्सेदारांचे संमतीपत्र आणि नोंदणीकृत वाटणीपत्र यांवर काम व्हावे. संमतीपत्राचा मसुदा समितीनेच मराठीत छापून द्यावा, म्हणजे प्रत्येक शाखेचा वकील नवा मसुदा काढणार नाही. छोट्या घरांसाठी परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि ग्रामपंचायतीची पोच हीच मंजुरी समजावी. 42-ड ची सनद आणि एनए ऑर्डर यांत फरक करू नये. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत बँकेचा बोजा चढवण्याची एकसारखी पद्धत ग्रामविकास विभागाकडून ठरवून घ्यावी. आज काही गावांत तो चढतो, काही गावांत ‘असे आमच्याकडे नाही’ म्हणून परत येतो.

पेन्शन हिशेबात धरताना विकलेल्या भागाची पुनर्स्थापना तारीख पेन्शन पेमेंट ऑर्डरवरून घ्यावी. आता बहुतेकांची पेन्शन संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून येते, त्यामुळे ही माहिती मिळवणे पूर्वीसारखे अवघड राहिलेले नाही. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून आलेले प्रकरण परत करायचे असेल तर कारण लेखी, नेमक्या कागदाच्या नावासह, त्या कार्यालयालाही कळवावे. एवढ्या एका गोष्टीने निम्मी प्रकरणे सुधारतील, असे मी अनुभवाने सांगतो; कारण लिहावे लागते तेव्हा माणूस कारण शोधतो, आणि शोधताना कधी कधी ते नसतेच असे लक्षात येते.

हमीचा विषय समितीच्या हातातला नाही, हे मी जाणतो. पण राज्य शासनाला आणि सैनिक कल्याण विभागाला तशी शिफारस करणे आपल्या हातात आहे. दर 7 डिसेंबरला आपण सारे ध्वजदिन निधीला पैसे देतो. त्या निधीतून किंवा स्वतंत्र तरतुदीतून कर्जाच्या पहिल्या एक चतुर्थांश नुकसानीची हमी देणारा छोटा निधी उभारता आला, आणि कर्जदाराकडून एकदाच अल्प शुल्क घेऊन विधवा व अपंग सैनिकांना ते माफ केले, तर वर्ग 2 ची जमीन असलेल्यांचे आणि वाटणी कागदावर न आलेल्यांचे प्रकरणही शाखाधिकारी निर्धास्तपणे पुढे पाठवू शकेल.

सेवेत असलेल्या जवानांचीही एक अडचण आहे. तो सियाचेनला किंवा अरुणाचलला असतो आणि घराचे काम गावात चालू असते. प्रत्येक टप्प्याचे पैसे सुटताना कर्जदाराची समक्ष सही हवी, असे शाखा सांगते. दोन महिन्यांची वार्षिक रजा आणि घराचे पाच टप्पे यांचा मेळ बसत नाही. युनिटच्या कमान अधिकाऱ्याने साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पत्नीच्या किंवा वडिलांच्या नावे स्वीकारावे, आणि टप्प्याची पाहणी छायाचित्र व अभियंत्याच्या दाखल्यावर व्हावी.

आणि घाई कशासाठी, तेही सांगतो. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून पुढे पूर्ण होऊ लागतील. त्यांच्यातले 25 टक्क्यांपर्यंत पुढे सेवेत घेतले जातील. बाकीचे 22 ते 27 वर्षांचे तरुण सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख रुपये घेऊन गावी येतील. त्यांना पेन्शन नाही. आजवर जे प्रकरण पेन्शन असूनही परत जात होते, ते पेन्शन नसताना कसे मंजूर होणार, याचा विचार त्यांच्या परतण्याआधी व्हायला हवा. सेवानिधीचा काही भाग बँकेत ठेव म्हणून तारण ठेवून उरलेल्या रकमेचे गृहकर्ज, असा एखादा प्रकार आताच आखता येईल. तो आखला नाही तर 11 लाख रुपये एका वर्षात गाडीत आणि लग्नात जातील, हे सांगायला बँकेत नोकरी केलेली असण्याची गरज नाही.

माझ्याकडे परत गेलेल्या काही प्रकरणांच्या कागदांच्या झेरॉक्स आहेत. कर्जदारांची परवानगी घेऊन, नावे झाकून, त्या मी समितीपुढे ठेवायला तयार आहे. बैठकीस बोलावल्यास स्वखर्चाने येईन. ज्या नायकाचे प्रकरण वर सांगितले, त्याच्या गावची मोजणी आता झाली असून मिळकत पत्रिका त्याच्या हातात आहे; त्याने नव्याने अर्ज केला आहे आणि या वेळी फाईल कोणत्या शेऱ्यासह परत येते किंवा येत नाही, ते मी आपल्याला कळवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार आणि निवृत्त बँक कर्मचारी
सातारा जिल्हा